मेणाच्या बारा वड्या

अर्धी चादर दोरीवर होती आणि अर्धी माझ्या खांद्यावर, तेवढ्यात स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा फोन वाजायला लागला. सोमवार हा धुण्याचा दिवस. नोव्हेंबरात आमच्या खोऱ्यात ऊन टिकतं ते फार तर अडीचपर्यंत. मग ते डोंगराआड जातं आणि कपडे दमटच राहतात. म्हणून मी तो वाजू देणार होते. पण थांबला, आणि लगेच पुन्हा वाजला. असा लागोपाठ फोन करणारा माणूस एकच, माझा नवरा डॉर्सी. तो लाकूड कापायच्या गिरणीत असतो, आणि तिथल्या ऑफिसातला फोन मागून घेणं त्याच्या जिवावर येतं. मी ओल्या हातांनीच रिसीव्हर उचलला.

"लव्हॉन, पडवीतल्या फळीवरचा लाल डबा कुठाय? सकाळपासून डोक्यात घोळतंय."

"कॉफीचा ना? धुऊन पालथा घातलाय."

"आणि आतला भुसा?"

"संपवला की. ओलीटामावशीच्या वड्यांना निळ्या डब्यातला पुरेना. एवढ्यासाठी दोनदा फोन? मला वाटलं, बोटं गेली तुझी."

त्याच्या मागे करवत किंचाळत होती, ती मला ऐकू येत होती.

"लव्हॉन," तो म्हणाला, "त्या भुशात माझी फुसकी काडतुसं होती."

डॉर्सीच्या छोट्या रायफलीचा घोडा हल्ली अशक्त झालाय. चाप ओढावा, टक्क व्हावं आणि काडतूस उडूच नये. अशी न उडालेली काडतुसं तो बाजूला काढतो, कधीतरी नीट निकालात काढू म्हणून. नातवंडं आली की फळीवरचे डबे खडखडवून बघतात, म्हणून यंदा त्याने ती भुशात पुरली होती. मला सांगायचं राहून गेलं. आणि फुसकी म्हणजे मेलेली नव्हेत, हे आमच्याकडच्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. आतली दारू जशीच्या तशी असते. तिला घोडा लागत नाही, नुसती धग पुरते.

"किती होती?"

"पाच. मोजलेली पाच."

"मग मला दिसली कशी नाहीत?"

"करंगळीच्या पेराएवढी तर असतात. लव्हॉन, मावशी वर्षाची शिशाची मळी कधी वितळवते? याच आठवड्यात ना?"

"आज," मी म्हटलं. "आज सोमवार. आजच."

त्या वड्या माझ्या हातच्या. आमच्या चर्चमधल्या मेणबत्त्यांची थोटकं वर्षभर साठवायची आणि हरणांच्या शिकारीचा मोसम उघडण्याआधी ओलीटामावशीला द्यायची, ही आमची जुनी रीत. ती बंदुकीच्या गोळ्या ओतते, आणि शिसं वितळलं की मळ सुटावा म्हणून त्यावर मेण टाकावं लागतं. आजवर आम्ही थोटकं नुसती पिशवीत भरून देत होतो. यंदा मला चांगुलपणाचा उमाळा आला. थोटकं जुन्या पातेल्यात वितळवली, त्यात देवदाराचा भुसा कालवला आणि अंड्यांच्या पुठ्ठ्यात ओतून बारा वड्या पाडल्या. ढवळताना चमच्याला काहीतरी टिकटिक लागत होतं. प्रभुभोजनाच्या टेबलावरच्या जाड मेणबत्त्यांच्या बुडाशी पत्र्याची चकती असते, वात धरायला. त्याच असतील, मावशी मळीबरोबर काढून टाकेल, असं मी मनाशी म्हटलं. रविवारी प्रार्थनेनंतर तिच्या हातात पुठ्ठा दिला, आणि रात्री माझ्या रोजच्या वहीत लिहिलं की आज एक उपयोगी काम झालं.

"तू तिला फोन लाव," डॉर्सी म्हणाला. "मी निघतोच, पण मला पाऊण तास लागेल."

मी फोन लावला. वीस वेळा वाजला. वाजणारच होता. ओलीटामावशी शिशाच्या कामाला बसली की कानातली यंत्रं काढून तपकिरीच्या डबीत ठेवते. गॅसच्या शेगडीचा आवाज त्या यंत्रांतून ऐकला तर सैतान चुळा भरतोय असं वाटतं, असं तिचं म्हणणं. यंत्रांशिवाय तिच्या डोक्याशी बंदूक उडवली तरी ती मागे वळणार नाही.

चादर मी कुठे टाकली ते मला आठवत नाही. गाडी डॉर्सीकडे. रस्त्याने मावशीचं घर दीड मैल, पण कुरणातून उतरून ओढा ओलांडला तर दहा मिनिटं. मी एप्रनसकट पळत सुटले.

पळताना प्रार्थना म्हणायला गेले तर एकही धड आठवेना. लहानपणापासून पाठ असलेली स्तोत्रं, सगळी पुसली गेली. फक्त एवढंच येत होतं: प्रभू, तिचे डोळे. प्रभू, तिचे डोळे.

कारण ती त्या भांड्यावर वाकून बसते. डोळ्यांवर वाचायचा चष्मा, तोही नाकाच्या शेंड्यावर. शिशाचा रंग बघावा लागतो, म्हणते. कितीदा तिला सांगितलं असेल की वेल्डिंग करणाऱ्यांसारखा मोठा चष्मा लाव. "तो लावला की मला सगळं जग लोणच्याच्या बरणीतून दिसतं," हे तिचं उत्तर.

ओलीटा क्रिगर ही कुणाची मावशी नाही. तिला भाऊ नव्हता, मूल झालं नाही आणि एकुलती बहीण लग्नाआधीच गेली. पण वेस्ट व्हर्जिनियाच्या या आमच्या खोऱ्यात साठी उलटलेल्या बाईला नावाने हाक मारत नाहीत, म्हणून ती सगळ्यांची मावशी. मोज्यांच्या गिरणीत सव्वीस वर्षं उभी राहिली आणि तिथल्या यंत्रांच्या गदारोळात कान घालवून बसली. नवरा गार्नेट सहा वर्षांपूर्वी छातीच्या दुखण्याने गेला. त्याच्या मागे लोकांना वाटलं, आता गोळ्या ओतायची शेड बंद पडणार. आमच्याकडे अजूनही बरेच जण ठासणीच्या बंदुकीने शिकार करतात, आणि त्यांच्या गोळ्या गार्नेट ओतायचा असा सगळ्यांचा समज होता. अंत्यविधीनंतर जेवणाच्या टेबलावर कुणीतरी तसं बोलून दाखवलं. मावशी बटाट्याचं सॅलड वाढत होती. ती म्हणाली, "गार्नेट नुसता साचा धरायचा. तोसुद्धा वाकडा."

हे खरं होतं. काम तिने तिच्या वडिलांकडून उचललं होतं. जुने नळ, छपरावरचे पत्रे, कुणाकुणाच्या घरातलं मोडकं शिसं लोक तिच्या पडवीत आणून टाकतात. मोसमाआधी ती गोळ्या ओतून देते आणि ज्याला पहिलं हरण मिळेल तो तिला मागची तंगडी पोचवतो. पण तिचं खरं मन रमतं ते मळीत. गोळीला राहिलेली शेंडी, खाली सांडलेले थेंब, चुकलेल्या गोळ्या, भांड्यावरून काढलेली करडी साय, असं सगळं ती वर्षभर डब्यांत साठवते आणि मोसमाच्या आधीच्या सोमवारी एकदम वितळवते. बघणाऱ्याला ती राख वाटते. "राख नाही गं," ती म्हणते, "शिसं रुसून बसलंय. मेण दाखवलं की येतं परत."

मी एकदा तिला म्हटलं होतं, मावशी, देव माणसाला भट्टीत घालून त्याचा मळ काढतो, असं आपले पाळक सांगतात, ते तुझ्या शेडमध्ये बसलं की पटतं. ती म्हणाली, "तो मळ टाकून देतो, मी ठेवते. आमच्यात एवढाच फरक."

अशी ही बाई. ती कशाला भीत नाही असं सगळे समजतात, पण ते खरं नाही. ती पाण्याला भिते. तिची बहीण एकदा धुतलेली पळी न पुसता शिशात बुडवायला गेली. एक थेंब होता. तापलेल्या शिशाखाली पाण्याचा थेंब गेला की त्याची क्षणात वाफ होते आणि भांड्यातलं शिसं वर उडतं. त्या शेडच्या छताला अजून त्या दिवसाचे करडे ठिपके आहेत. बहीण वाचली, पण पुढे जन्मभर डाव्या गालावर केस ओढून वावरली. तेव्हापासून शेडच्या दाराशी टॉवेल टांगलेला असतो. ओल्या हातांनी, ओल्या बुटांनी, पावसात भिजलेल्या कोटाने आत यायचं नाही. पाळकांनासुद्धा तिने एकदा बर्फ झटकून या म्हणून परत बाहेर पाठवलं होतं.

हे मला ओढ्यात उभी असताना आठवलं. दुसऱ्या दगडावरून पाय घसरला आणि मी कमरेपर्यंत पाण्यात गेले. थंडी जाणवली नाही. एकच विचार आला की आता मला आत जाता येणार नाही.

चढ चढून वर आले तेव्हा शेगडीचा घोंघाट ऐकू येत होता. म्हणजे काम चालू होतं. म्हणजे ती जिवंत होती. शेडचं दार धुरासाठी सताड उघडं. मावशी माझ्याकडे पाठ करून तिच्या तीनपायी स्टुलावर बसली होती, चामड्याचं एप्रन बांधून, डोक्यावर गार्नेटची टोपी. बाजूला ओळीने लोखंडी साचे मांडलेले. मक्याचे पाव भाजायचे असतात ना, कणसाच्या आकाराचे, तेच. मुठीला लाल रंग दिलेला, म्हणजे कुणी चुकून त्यात पाव भाजू नये. दोन साचे भरलेले, शिशाची चकचकीत कणसं. माझा पुठ्ठा तिच्या उजव्या हाताशी उघडा होता. तीन खाचे रिकामे.

"मावशी!" मी ओरडले. "मावशी, थांब!"

तिने चौथी वडी उचलली. मोडली. अर्धी एप्रनच्या खिशात टाकली आणि अर्धी भांड्यात सोडली.

धूर वर आला. तिने काडी ओढून त्याला लावली आणि पिवळा जाळ उठला. मग ती हिकरी झाडाच्या कोरड्या काठीने तळापासून ढवळायला लागली, भांड्याच्या कडा खरवडत, शांतपणे, पीठ घोटावं तशी. तिचं तोंड भांड्यापासून हातभरावर होतं.

मी उंबऱ्यावर उभी. स्कर्टमधून पाणी ठिबकत होतं. आत पाऊल टाकावं तर पाणी, आणि मागून जाऊन खांद्याला हात लावावा तर ती दचकणार. तापलेल्या भांड्यात काठी धरलेलं माणूस दचकलं तर काय होतं ते सांगायला नको. काहीतरी फेकून मारावं, तर ते भांड्यात पडलं म्हणजे? माझे हात नुसते हवेत हलत होते. मी रडत होते हेसुद्धा मला नंतर कळलं.

मग सिलिंडर दिसला. तो बाहेर भिंतीला लागून असतो, नळी फटीतून आत जाते. मी गुडघ्यांवर बसले आणि चावी फिरवायला लागले. चावी घट्ट, आणि बोटं गारठून बधिर. एप्रनच्या कडेत धरून पिळली तेव्हा कुठे फिरली.

घोंघाट थांबला. मावशीला तो ऐकू येत नव्हता, थांबलेलाही ऐकू आला नसेल, पण भांड्याखालची निळी ज्योत गेलेली दिसली. ती शेगडीकडे बघायला वाकली. आणखी वाकली. मला वाटलं, संपलं. मग ती वळली आणि तिला मी दिसले, दारात, गळत असलेली.

मावशीचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. ती ताडकन उठली.

"पाणी! अगं ए, पाणी! बाहेर हो! बाहेर, बाहेर!" हातातली काठी माझ्यावर रोखून ती तरातरा दाराकडे आली. "अक्कल गहाण ठेवलीस का? किती वर्षं येतेस इथे? आणि माझा गॅस कुणी..."

मी मागे सरत गेले आणि ती मला हाकलत बाहेर आली. "काडतुसं!" मी ओरडत होते. "वड्यांमध्ये काडतुसं!" तिला ऐकू येईना. मी पाच बोटं दाखवली, बंदुकीचा चाप ओढून दाखवला.

"काय पाच? पाच काय? कोण मेलं?"

तेवढ्यात आत फाडकन आवाज झाला.

मोठा नव्हता. जाड फांदी मोडावी एवढाच. मागोमाग पत्र्याच्या छतावर गारा पडाव्यात तसा सडा वाजला. स्टूल आडवं झालं. भांड्यातून काळा धूर निघाला आणि मग काहीच नाही.

मावशीला तो आवाज कानाने कळला की पायाखालच्या जमिनीतून, देव जाणे. पण ती वळली आणि स्टुलाकडे बघत राहिली. बसायच्या फळीवर शिशाचे सात-आठ थेंब चिकटलेले होते, चमकत होते, अजून ओले. तिची काठी खाली पडली.

ती लाकडं फोडायच्या ओंडक्यावर जाऊन बसली. खिशातून तपकिरीची डबी काढली. उघडेना. मी पुढे होऊन उघडून दिली. ज्या हातांतून उकळतं शिसं एक थेंब न सांडता साच्यात जातं, त्या हातांना एक डबी जमली नाही. यंत्रं कानात बसवायला तिला चार वेळा प्रयत्न करावा लागला.

"आता बोल," ती म्हणाली. "हळू. आणि रडू नकोस, यंत्रात खरखर येते."

मी सगळं सांगितलं. लाल डबा, निळा डबा, चमच्याची टिकटिक. शेवटी म्हटलं, "मावशी, मला क्षमा कर. माझ्यामुळे तुझे..."

"चकत्याच समजलीस?"

"हो."

"मीसुद्धा," ती म्हणाली. "पहिल्या वडीत एक निघाली, पत्र्याची. काढून टाकली आणि म्हटलं, लव्हॉनने गाळायचा कंटाळा केला वाटतं." तिने मान दाराकडे वळवली. "मी त्या मळीवर फुंकर घालणार होते गं. जाळ विझायला आला होता. वाकून फुंकर घालणार, तेवढ्यात शेगडी गेली."

मला तिथेच भडभडून आलं. तिने मला रडू दिलं नाही. "पाच म्हणाला ना डॉर्सी? तो पठ्ठ्या रविवारी स्तोत्राचा पान-नंबर चुकतो. नक्की पाच?"

"मोजलेली पाच, म्हणाला."

"मग एक गेलं. चार शोधायची."

आम्ही भांड्याजवळ गेलो नाही. शिसं गोठून वर सुरकुती धरेपर्यंत बाहेर थांबलो. मग मी स्कर्ट पिळून टॉवेल गुंडाळला, आणि पुठ्ठा तिनेच आणला, हात लांब करून, मेलेला उंदीर शेपटीला धरून आणावा तसा. एनॅमलच्या वाडग्यात आम्ही एकेक वडी बोटांनी कुस्करली. आठ वड्या, आणि खिशातली अर्धी. पहिल्या दोन कोऱ्या. तिसरीत एक पितळी टोक निघालं, मेणाने माखलेलं, निरागस. सहावीत आणखी एक. खिशातल्या अर्धीत तिसरं. म्हणजे त्या एकाच वडीत दोन होती, आणि ती तिने मधोमध मोडली होती.

"तीन," मावशी म्हणाली. "आणि फुटलं ते चार."

"पाचवं आधीच्या वड्यांत असेल. भांड्यात जाऊन..."

"भांड्यात गेलं असतं तर मी तुझ्याशी बोलत असते का? पितळ शिशावर तरंगतं, बुडत नाही. माझ्या नाकासमोर उडालं असतं." ती पुठ्ठ्याचे खाचे बोटाने मोजायला लागली. आठ कुस्करल्या, एक आत्ताची, त्याआधी एक. मग बोट थांबलं. "मी तर एकच वापरली होती."

"पण मी आले तेव्हा तीन खाचे रिकामे होते."

तिने वर पाहिलं. आज दुसऱ्यांदा मी तो चेहरा पाहिला.

"दोन मी काल एस्टर टीटरला दिल्या," ती म्हणाली. "चर्चच्या पायऱ्यांवर. चूल पेटवायला. म्हटलं, म्हातारीला फुंकायला दम कुठाय."

टीटरबाई एक्क्याण्णव वर्षांच्या. एकट्या राहतात, रविवारी चूल पेटवत नाहीत, आणि एरवी अंगणावरून शाळेची बस गेली की पेटवतात. बस साडेतीनला जाते. मावशीने घरात जाऊन फोन लावला, मी शेजारी उभी राहून आकडे मोजत होते. चौदा वेळा वाजला. कोंबड्यांकडे गेल्या असतील, असं मी म्हटलं. भिंतीवरच्या घड्याळात तीनला दहा कमी होते.

बाहेर आल्यावर ती तीन काडतुसं तिने पाण्याच्या बादलीत टाकली. आयुष्यात पहिल्यांदाच तिने त्या शेडच्या दाराशी पाणी आणलेलं मी पाहिलं. एप्रन सोडून खिळ्याला अडकवलं. जाता जाता छताकडे मान वर केली. बहिणीच्या वेळच्या जुन्या ठिपक्यांच्या मधेमधे आता नवे ठिपके होते, चकचकीत.

"ते उद्या खरवडून घेईन," ती म्हणाली. "छताला चिकटलं म्हणून काही ते शिसं नाही असं होत नाही."

"मी येते तुझ्याबरोबर, टीटरबाईंकडे," मी म्हटलं.

"ओली आहेस. पुढे बस, हीटर लावते. आणि डॉर्सी वाटेत दिसला तर मी थांबणार नाही, खिडकीतून हात कर."

गार्नेटचा जुना ट्रक तिसऱ्या खेपेला सुरू झाला. तिने गिअर टाकला, दोन्ही यंत्रं बोटांनी कानात घट्ट दाबली, आणि एस्टर टीटरच्या चुलीपाशी ठेवलेल्या दोन वड्या परत आणायला निघाली.